सरकारी आहार मार्गदर्शिका वाणसामानाच्या यादीत कशी उतरवायची

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबादमधील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. याआधीची आवृत्ती २०११ सालची होती. नव्या आवृत्तीत एकूण १७ तत्त्वं आहेत. त्यातल्या दोन-तीनच गोष्टी बातम्यांमध्ये गाजल्या: जेवणाला लागून चहा पिऊ नका, प्रोटीन पावडरच्या मागे लागू नका, साखर कमी करा. त्या बरोबरच आहेत, पण या दस्तऐवजाचा खरा गाभा आहे तो दिवसभराच्या ताटाचा हिशोब, आणि तो मात्र फारसा कुणी घरी करून पाहिला नाही.

मराठी घरातल्या जेवणात पदार्थ बहुतेक सगळे योग्यच असतात. भाकरी, आमटी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक या यादीत नाव ठेवण्यासारखं काही नाही. बिघडलंय ते प्रमाण. पोळी-भात पोटभर, आमटी पातळ, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि कोशिंबीर पाहुणे आले तर. हेच चित्र देशभर आहे. संस्थेच्या म्हणण्यानुसार आपल्या एकूण ऊर्जेपैकी ५० ते ७० टक्के धान्यातून येते, ती ४५ टक्क्यांच्या आसपास असायला हवी. डाळी, कडधान्यं, अंडी, मांस-मासे मिळून १४-१५ टक्के यायला हवी, प्रत्यक्षात येते ६ ते ९ टक्के. देशातल्या एकूण आजारपणाच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाजही याच संस्थेने दिला आहे.

ताटावर बसल्यावर हे प्रमाण सुधारत नाही. त्या वेळी भूक लागलेली असते, आणि जे शिजलंय तेच खायचं असतं. घरात काय शिजणार हे महिन्याच्या सुरुवातीला वाण्याकडे दिलेल्या यादीत आणि आठवड्याच्या भाजीच्या पिशवीत ठरतं. म्हणून हे काम यादीपासूनच सुरू करावं.

आधी मागच्या महिन्याची यादी काढा

किराण्याचं बिल असेल तर उत्तम, नसेल तर आठवून लिहा. पाच गोष्टी हव्यात: एकूण धान्य (गहू, तांदूळ, ज्वारी-बाजरी, रवा, पोहे, मैदा, साबुदाणा सगळं धरून), एकूण डाळी-कडधान्यं, तेल-तूप, साखर-गूळ आणि मीठ. भाजी-फळांचा अंदाज आठवड्यावरून काढा. बाहेर खाल्लेलं, मागवलेलं आणि बिस्किट-फरसाणाचे पुडे वेगळे लिहा. त्यांतलं तेल-साखर-मीठ तुमच्या डब्यातून गेलेलं नसलं तरी पोटात गेलेलंच असतं.

घरात जेवणारी माणसं किती तेही लिहा. लहान मुलं अर्धी किंवा पाऊण धरा. रोज डबा बाहेरून घेणारा माणूस असेल तर त्याचं एक जेवण वजा करा. अगदी काटेकोर हिशोबाची गरज नाही. पहिल्याच बेरजेत तेलाचा आणि डाळीचा आकडा डोळ्यांत भरतो.

आता सरकारी ताट

सुमारे २,००० कॅलरींच्या दिवसासाठी संस्थेने दिलेलं प्रमाण असं आहे. सगळी वजनं कच्च्या, निवडलेल्या मालाची आहेत, शिजवलेल्याची नाहीत.

- धान्य आणि भरडधान्य: २५० ग्रॅम
- डाळी, कडधान्यं (किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासे, मांस): ८५ ग्रॅम
- भाज्या: ४०० ग्रॅम, त्यात पालेभाजी धरून
- फळं: १०० ग्रॅम
- दूध किंवा दही: ३०० मिली
- शेंगदाणे, तीळ, जवस, सुकामेवा: ३५ ग्रॅम
- तेल, तूप, लोणी मिळून: २७ ग्रॅम

चार मोठ्या माणसांच्या घराचा महिना धरला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलोच्या थोडी वर, शेंगदाणे-तीळ वगैरे ४ किलोच्या आसपास, आणि तेल-तूप सव्वातीन किलो. दूध रोज सव्वा लिटर. भाजी आठवड्याला ११ किलोहून थोडी जास्त आणि फळं पावणेतीन किलो. सालं, देठं, बिया जातात म्हणून बाजारातून भाजी थोडी वाढीवच आणावी लागते.

दहा किलो डाळी-कडधान्यं! बहुतेकांच्या यादीत हा आकडा चार-पाच किलोंच्या पुढे जात नाही. एकदा ही तफावत दिसली की पुढचं सगळं काम सोपं होतं.

२,००० कॅलरी प्रत्येकाला लागू नाहीत. बैठं काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची गरज १,६६० कॅलरींच्या जवळ असते, तर ६५ किलोच्या, मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाची २,७००च्या घरात. कमी-जास्त करायचं ते मुख्यतः धान्यात. बैठं काम असेल तर एक भाकरी किंवा भाताची वाटी कमी करा, शेतात किंवा साइटवर राबणाऱ्याला दोन भाकऱ्या वाढवा. डाळ आणि भाजी मात्र कुणाचीही कापू नका.

डाळीचा डबा

सगळ्यात मोठा बदल इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

८५ ग्रॅम म्हणजे माणशी रोज साधारण एक लहान वाटी भरून कच्ची डाळ. चौघांना मिळून ३४० ग्रॅम. एवढी डाळ एका वेळच्या आमटीत घातली तर आमटी राहणार नाही, पिठलं होईल. म्हणून तिचे तीन भाग करायचे. सकाळी १०० ग्रॅमची मुगाची किंवा मिश्र डाळींची धिरडी, नाहीतर मोड आलेले मूग परतून. दुपारी १२० ग्रॅमची मटकी, चवळी, वाल, छोले किंवा मसूर यांची उसळ. रात्री १२० ग्रॅमचं दाट वरण किंवा आमटी, नाहीतर खिचडीत तांदळाच्या बरोबरीने डाळ.

डाळीची आमटी दाट झाली की घरात पहिला आठवडा कुरकुर होते. ती होऊ नये म्हणून भाजीत डाळ लपवायची आपली जुनी रीत फार कामाची आहे. मुगाची डाळ घालून मेथी, हरभऱ्याची डाळ घालून दुधी किंवा कोबी, शेपूत मूगडाळ, पातळभाजीत हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे, पीठ पेरून सिमला मिरची. बेसन हीसुद्धा डाळच आहे. झुणका-पिठलं हिशोबात धरा, फक्त त्यावर तेल ओतू नका.

कडधान्यं रात्रभर भिजवून मोड आणले की त्यांतलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह, जस्त शरीराला अधिक मिळतं. ज्यांना वाताचा त्रास होतो त्यांनी भिजवलेलं पाणी टाकून द्यावं, नीट मऊ शिजवावं आणि आठवड्याला एक-दोन उसळी वाढवत जावं. चार किलोवरून एकदम दहा किलोवर उडी मारू नका. पहिल्या महिन्यात सहा, मग आठ, मग दहा. पोटालाही सवय व्हायला वेळ लागतो.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यामागे शास्त्र आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा एक घटक (अमिनो आम्ल) कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असतं ते धान्य भरून काढतं. कच्च्या वजनात तीन भाग धान्याला एक भाग डाळ असं प्रमाण मार्गदर्शिकेने सांगितलं आहे. वरण-भात, खिचडी, भाकरी-उसळ हे जोड आपल्याकडे आहेतच. निरोगी माणसाची रोजची प्रथिनांची गरज वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरचं ताट ती सहज भागवतं. त्यामुळे व्यायामशाळेत महागडे डबे घेणाऱ्या मुलांना आधी घरातली उसळ मोजून खायला सांगा.

मांसाहार करणाऱ्यांनी ज्या दिवशी अंडी, मासे किंवा चिकन असेल त्या दिवशी डाळीचा काही भाग कमी करावा, पूर्ण बंद करू नये. किनारपट्टीवर मिळणारे बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे ओमेगा-३ या उपयुक्त स्निग्धांशासाठी उत्तम आहेत. फक्त ते दर वेळी रव्यात घोळवून तळण्याऐवजी कालवणात जाऊ द्या. शुद्ध शाकाहारी असाल तर जवसाची चटणी रोज ताटात ठेवा. दूध-दही टाळू नका, कारण ब-१२ जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही.

धान्यात काय बदलायचं

धान्यातलं निदान निम्मं तरी अख्खं, कोंडा न काढलेलं असावं. ज्वारी, बाजरी, नाचणी दळून आणली की हे आपोआप साधतं, कारण त्यांचं पीठ चाळून कोंडा फेकायची पद्धत नाही. गव्हाचं पीठही बारीक चाळणीने चाळू नका. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, इतकं दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या धान्यात नाही. ज्या घरात दूध कमी येतं तिथे नाचणीची आंबील किंवा भाकरी आठवड्यातून तीन-चारदा व्हायलाच हवी.

एका भाकरीला साधारण ७०-८० ग्रॅम पीठ लागतं. दिवसाचे २५० ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने दोन भाकऱ्या, एक वाटी भात आणि सकाळचे पोहे. पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी आपण नाश्ता म्हणून वेगळ्या खात्यात टाकतो, पण हे सगळं धान्य किंवा पिठूळ पदार्थच आहेत. बटाटाही मी भाजीत धरत नाही, धान्याच्याच बाजूला धरते. पोळीबरोबर बटाट्याची भाजी आणि वर भात, हे ताट भरलेलं दिसतं तरी त्यात एकाच प्रकारचं अन्न तीनदा आलेलं असतं.

ज्यांच्याकडे प्राधान्य गटाचं रेशनकार्ड आहे त्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. माणशी साडेसात किलोच्या गरजेतलं दोन तृतीयांश तिथेच भागतं. वाचलेला पैसा डाळीकडे आणि भाजीकडे वळवावा, हे मी फार मनापासून सांगते. डाळ-भाजीची महागाई ही खरी अडचण आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. मसूर आणि मटकी पुष्कळदा तुरीहून स्वस्त मिळतात, बदामाची गरज शेंगदाणे भागवतात, आणि हंगामी पालेभाजीची जुडी कुठल्याही डबाबंद ‘हेल्थ ड्रिंक’पेक्षा स्वस्त पडते.

भाजीची पिशवी

रोज ४०० ग्रॅम म्हणजे दोन्ही जेवणांत भरून एकेक वाटी शिजलेली भाजी आणि वर काहीतरी कच्चं: काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कांदा, कोबीची कोशिंबीर. यातली १०० ग्रॅम पालेभाजी. एक मध्यम जुडी निवडल्यावर साधारण दोघांपुरती होते, म्हणजे चौघांच्या घराला रोज दोन जुड्या लागतात. निवडायला वेळ जातो हे खरं आहे, आणि तो वेळ घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला येतो हेही खरं. जुडी सगळ्यांनी बसून निवडली तर आठवड्याला चौदा जुड्या जड जात नाहीत.

मेथी-पालकाच्या पलीकडे बघा. माठ, राजगिरा, चाकवत, अंबाडी, करडई, घोळ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू. मुळ्याचा पाला, कोवळ्या बिटाची पानं, फ्लॉवरची आतली पानं फेकू नका.

देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह अंगी लागण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळ्याची किंवा टोमॅटोची कोशिंबीर ठेवा, पेरू खा. चहा-कॉफीतली टॅनिनं नेमकी उलट काम करतात, म्हणून जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चहा नको. आपल्याकडे पोह्यांबरोबरच चहा लागतो. पोह्यांवर लिंबू पिळून लगेच चहा घेतला तर लिंबाचा उपयोग पुष्कळसा वाया जातो. चहा उठल्याबरोबर घ्या आणि नाश्ता तासाभराने.

तेल, साखर, मीठ: इथे वरची मर्यादा पाळायची

आतापर्यंतचे आकडे गाठायचे होते, हे तीन ओलांडायचे नाहीत.

तेल-तूप चौघांना महिन्याला सव्वातीन किलो. अर्धा किलो तूप आणलं तर तेल तीन लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर बाहेरचं खाणं न धरताच तुम्ही मर्यादेच्या बऱ्याच पुढे आहात. यावर एकच उपाय खात्रीचा आहे. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला चार बाटल्यांत सारखं भरा, आठवड्याला एक बाटली. फोडणी थेट बाटलीतून ओतायची नाही, चमच्याने मोजायची. शुक्रवारी बाटली तळाला गेलेली दिसली की शनिवारची भजी आपसूक रद्द होतात. एकच तेल वर्षभर न वापरता शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ असे आलटून पालटून वापरा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. उरलेलं एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा.

साखर माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत. गूळ आणि मध यातच आले, गूळ घातला म्हणून सूट मिळत नाही. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेणाऱ्याची मर्यादा गोडधोड न खाताच ओलांडली जाते, कारण एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर बसते. दर पंधरवड्याला कपातली पाव चमचा साखर कमी करत गेलात तर जिभेला फारसं जाणवत नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सॉस, पाव यांतलंही आलं. म्हणून घरच्या मिठाची एक किलोची पिशवी दोन महिने तरी पुरली पाहिजे. पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं बघून घ्या. वरून मीठ घ्यायची सवय असेल तर टेबलावरची मीठदाणी उचलून स्वयंपाकघरात ठेवा.

पाकिटावर पुढे काय छापलंय ते सोडा, मागे वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत मैदा, साखर, पाम तेल असेल तर पुढे ‘मल्टिग्रेन’ कितीही मोठं छापलेलं असो, ते बिस्किटच आहे. ‘विना साखर’ लिहिलेल्या पदार्थात मैदा आणि तेल भरपूर असू शकतं.

एक दिवस कसा दिसतो

सकाळी उठल्यावर अर्धा चमचा साखरेचा चहा. तासाभराने मूगडाळीची गाजर-कोथिंबीर घातलेली दोन धिरडी, जवसाची चटणी आणि कपभर दूध. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ लिंबू पिळून, मेथीची भाजी, दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. चार-साडेचारला पेरू आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री पोळी किंवा थोडा भात, दाट आमटी, दुधीची किंवा गवारीची भाजी, टोमॅटो-कांदा. जेवण झोपण्याच्या दोन तास तरी आधी. पाणी दिवसभरात आठ ग्लास, उन्हाळ्यात किंवा कष्टाचं काम असेल तर त्याहून जास्त.

हालचाल

मार्गदर्शिका सांगते, आठवड्यातून किमान पाच दिवस ३० ते ६० मिनिटं मध्यम गतीची हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या भाषेत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मुलांना रोज एक तास.

मध्यम गती ओळखायची खूण सोपी आहे: चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही. बाजारात रमतगमत फिरणं यात बसत नाही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. दोन्ही जेवणांनंतर शतपावलीऐवजी दहा मिनिटं नीट चाललात तर जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखरही आटोक्यात राहते. मधुमेहींच्या घरात ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

स्नायूंचा व्यायाम आपल्याकडे राहूनच जातो, विशेषतः बायकांचा. दिवसभर घरकाम करूनही मांड्या-खांद्यांना पुरेसा ताण मिळतोच असं नाही. सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, दोन-तीन मजले जिन्याने चढणं, यातलं काहीही आठवड्यातून दोनदा करा. मंगळागौरीचे खेळ ज्यांनी दमेपर्यंत खेळले आहेत त्यांना ठाऊक आहे, अर्धा तास झिम्मा-फुगडी म्हणजे कसून व्यायाम असतो. तो श्रावणापुरताच का ठेवायचा? साठीच्या पुढच्यांनी आधाराजवळ उभं राहून एका पायावर तोल सांभाळायचा सराव करावा.

टेप घेऊन कंबर मोजा

वजनकाट्याआधी टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० ही सीमा. आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्सची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) सीमाही २३ आहे, पाश्चात्त्यांसारखी २५ नाही, कारण आपल्या पोटाभोवती चरबी लवकर साठते. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे, आणि १,००० कॅलरींच्या खाली कधीही जाऊ नये. यादी, कंबर आणि वजन महिन्यातून एकदाच, एकाच वहीत लिहा.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डाळी-कडधान्यं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तेव्हा औषधाचा डोस तपासून घ्यावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण वेगळं आहे, ते आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून समजून घ्यावं. दोन वर्षांखालच्या बाळांना वरचं ताट लागू नाही.